गरम पाण्याची गाडी

परशुरामाला लकवा मारला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या अंगावर धड तांब्याभर पाणी पडलेलं नव्हतं. नुसतं पुसून काढायचं. सखुबाई सकाळी पातेल्यात पाणी गरम करायची, जुन्या साडीचा मऊ तुकडा त्यात बुडवून पिळायची आणि नवऱ्याचं अंग पुसायची. आधी तोंड, मग हात, मग पाठ. पाठीच्या वेळी सून हाताशी लागायची, कारण एकटीने त्याला कुशीवर वळवणं सखुबाईला झेपायचं नाही. पुसून झालं की परशुराम भिंतीकडे तोंड करून पडायचा. माणूस न्हाऊन आला की त्याच्या तोंडावर जी एक टवटवी येते, ती काही यायची नाही.

बाथरूम नव्हतं असं नाही. कोलशेतला खाडीच्या अंगाला हा टॉवर उभा राहिला तोच मुळी परशुरामाच्या जमिनीवर, आणि जागेच्या बदल्यात मिळालेल्या घरांपैकी नवव्या मजल्यावरचं हे सगळ्यात मोठं. पण बाथरूमचं दार अरुंद, आत काचेचं पार्टिशन, मध्ये एक पायरी. व्हीलचेअर आत जात नव्हती. एकदा विकीने बापाला उचलून आत नेलं होतं. ओल्या फरशीवर दोघंही घसरले आणि परशुरामाच्या कपाळाला टाके पडले. त्या दिवसापासून विकीने सांगून टाकलं, "पुसूनच घेत जा. रिस्क नको."

सखुबाईला हे लागायचं ते वेगळ्या कारणाने. परशुराम तरुणपणी मिठागरावर जायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पोटऱ्यांवर मिठाचा पांढरा थर वाळलेला असायचा, टाचांच्या भेगांत मीठ चुरचुरायचं. घरामागे तीन दगडांवर हंडा चढवलेला असायचा. तो उघड्यावर, आभाळाखाली बसून न्हायचा, आणि पाणी असं कढत लागायचं की दुसऱ्याने बोट घालायची हिंमत करू नये. सखुबाई वरून तांब्याने पाणी ओतायची आणि तो डोळे मिटून "आजून, आजून" करायचा. मिठागर गेलं, शेत गेलं, घर पाडलं, पण कढत पाण्याचा नाद त्याने सोडला नव्हता. आणि आता हा ओला फडका.

त्याच दिवसांत विकीने गाडी आणली.

एका कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी जुनी पांढरी ट्रॅव्हलर होती. विकीने तिच्यातल्या सीटा काढल्या, झोपायला फळ्यांचे पलंग बसवले, छोटा ओटा केला, खिडक्यांना पडदे लावले. लोक ही गाडी भाड्याने घेणार, कुटुंब घेऊन कोकणात, माळशेजला, कुठे वाटेल तिथे जाणार, गाडीतच राहणार. विकी आजवर बऱ्याच धंद्यांत हात घालून बाहेर आलेला. पण या गाडीवर त्याचा जीव बसला होता हे सखुबाईलाही दिसत होतं. तो सकाळी चहा घेऊन खाली जायचा तो जेवायलाच वर यायचा.

पहिली दोन-तीन गिऱ्हाइकं परत आली ती एकच तक्रार घेऊन. सगळं छान, पण आंघोळीचं काय? बायका-पोरं आहेत, गरम पाणी पाहिजे. गाडीत बाथरूम बसवायला जागा नव्हती. मग विकीने मागच्या दारापाशी बाहेरच्या बाहेर न्हाणीघर उभारायचं ठरवलं.

सखुबाई नवऱ्याला व्हीलचेअरवर घालून रोज संध्याकाळी खाली वारा खायला न्यायची. कंपाउंडच्या मागच्या भिंतीशी, जनरेटरच्या पलीकडे विकीची गाडी उभी असायची. दोघं तिथेच जाऊन बसायची आणि पोराचा खटाटोप बघायची. विकीने गाडीच्या पोटाखाली पाण्याची टाकी बसवली. मागच्या दाराला हुक ठोकून त्यावर छोटा गॅस गीझर टांगला. टाकीतलं पाणी बॅटरीवरच्या पंपाने गीझरमध्ये, तिथून पाइपने हँड शॉवरला. सांगायला सोपं, पण चालता चालेना. आधी त्याने फवारणीच्या मशीनचा पंप लावला होता. त्याचा जोर कमी, पाणी धड ढकललं जायचं नाही, त्यामुळे गीझर पेटायचाच नाही. मोठा पंप लावला तर गीझर पेटायचा, पण क्षणात उकळतं, क्षणात गार. खाडीवरचा वारा सुटला की ज्योत फडफडून विझायची. मग त्याने गीझरला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला.

"आतच लाव ना, गाडीत," सखुबाई एकदा म्हणाली. "वारा लागणार नाय."

"आत लावला तर गॅस कोंडून माणूस मरेल, आई. हा बाहेरच पाहिजे." विकी नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघत होता. "हे बघ, लीक नाही. एकदम परफेक्ट."

शेवटी एका संध्याकाळी ते जमलं. लाकडी पट्ट्यांचा पाट खाली, भोवती उंच, बिनछताचा चौकोनी तंबू, आणि वरून वाफाळतं पाणी सरळ धारेने. विकीने कोपर धारेखाली धरलं आणि लहान पोरासारखा हसला. सखुबाईने व्हीलचेअरकडे पाहिलं. परशुरामाचा चांगला हात उचलला गेला होता. बोटं पाण्याच्या दिशेने हलत होती.

"विकी," ती म्हणाली, "तुझ्या बापसाला घाल की रे एकदा याच्याखाली."

विकीने नळ बंद केला. "घालू ना. नक्की घालू. पण आज टाकी भरून ठेवलीय उद्याच्या ट्रिपसाठी. रविवारी बघू."

रविवारी गाडी बुकिंगवर होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. मधल्या वारी विकीला कधी बॅटरी बदलायची असायची, कधी आरटीओत जायचं असायचं. सखुबाई आठवण करून द्यायची, तो "हो हो" म्हणायचा. त्याचं "हो" खरं असायचं, हेही तिला कळायचं. त्याला ते करायचं होतं, फक्त आज नको होतं.

*

सुनेचं नाव ऐश्वर्या. माहेर डोंबिवलीचं, वडील बँकेत होते. तिचं लग्न ठरलं तेव्हा सखुबाईला वाटलं होतं, ही काय आपल्यात रमायची. ऐश्वर्या फारशी रमली नव्हतीही. तोंडाने गोड नव्हती. पण सासऱ्याची पाठ पुसताना तिने कधी नाक मुरडलं नव्हतं, आणि कमरेखाली लाल चट्टे उठायला लागले ते सगळ्यात आधी तिने पाहिले.

"आई, हे वाढणार," ती म्हणाली. "पाणी लागलं पाहिजे. नीट धुतलं गेलं पाहिजे."

त्या मंगळवारी विकी कामासाठी कल्याणला गेला होता. गाडी खाली रिकामी उभी होती. गाडीची बुकिंगं ऐश्वर्याच घ्यायची, गिऱ्हाइकांना गीझर कसा पेटवायचा ते फोनवर तीच समजावून सांगायची. तिने किल्ली घेतली, टॉवेल घेतले आणि म्हणाली, "चला आई. आज करून टाकू."

"विकीला विचारलंस?"

"नाही."

तिने परशुरामाचे धुतलेले कपडे पिशवीत भरले.

खाली रामा वॉचमन होता. पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा, मूळचा जतकडचा. त्याने परशुरामाला व्हीलचेअरवरून उचलून पाटावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि पाठ करून जनरेटरपाशी उभा राहिला. ऐश्वर्याने सिलिंडर उघडला, पंप चालू केला. गीझर टक् टक् करून पेटला. पण तंबूचा पडदा लावल्याबरोबर परशुराम कावराबावरा झाला, खुर्चीतून पुढे झेपावायला लागला. कोंडल्यासारखं होत असावं त्याला. म्हणून त्यांनी भिंतीच्या बाजूचा पडदा वर बांधून टाकला. समोर नुसती भिंत, भिंतीवर आभाळ. कोण बघणार होतं?

कमरेला पंचा होता. ऐश्वर्या शॉवर धरून उभी राहिली, सखुबाईने साबण घेतला. पहिली धार खांद्यावर पडली तेव्हा परशुरामाच्या अंगावर काटा आला. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले. पाणी पाठीवरून, मांड्यांवरून, वाकड्या झालेल्या पायावरून वाहायला लागलं. सखुबाईने त्याचं डोकं चोळलं, मान चोळली, बोटांच्या बेचक्या चोळल्या. लकव्यानंतर त्याचं बोलणं गेलं होतं, घशातून नुसता घरघर आवाज यायचा. तो तोंड वर करून पाणी तोंडावर घेत होता, आणि मध्येच त्याचे ओठ हलले.

"आ... जून."

ऐश्वर्याने सासूकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

"आजून म्हणाले," सखुबाई म्हणाली. "गरम कर थोडं. त्यांना गरम लागतं."

पाणी संपेपर्यंत घातलं. टाकीचा तळ लागला, पंप खरखरायला लागला तेव्हाच थांबले. त्या दुपारी परशुराम भात पोटभर जेवला आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपला. विकी आल्यावर ऐश्वर्याने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. टाकी भरलीस ना परत?"

मग तो रिवाजच पडला. गाडी असली की मंगळवारी न्हाणं. टॉवरमधली माणसं कामावर, पोरं शाळेत, खाली शुकशुकाट. चट्टे सुकायला लागले. मंगळवार उजाडला हे परशुरामाला कुठून कळायचं कोण जाणे, पण सकाळपासून त्याचा चांगला हात चादर बाजूला सारत असायचा.

*

व्हिडिओ कोणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्या मजल्यावरून काढलेला, इतकंच दिसत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर तो सकाळी पडला आणि दुपारपर्यंत त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं. ही रेसिडेन्शियल सोसायटी आहे की नदीचा घाट. आमच्या मुली या बाजूला खेळतात. गॅस सिलिंडर पार्किंगमध्ये कसा चालतो. साबणाचं पाणी गाड्यांखाली येतं. ऐश्वर्याने सगळं वाचलं आणि फोन उपडा ठेवून दिला. सखुबाईने विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आला. रत्नदीप नाव. कुठल्याशा कॉलेजात शिकवायचा, बोलायला मृदू. चपला बाहेर काढून आत आला आणि सखुबाईला वाकून नमस्कार केला.

"काकू, कृपया गैरसमज करून घेऊ नका. बाबांबद्दल आम्हा सगळ्यांना आदरच आहे. पण नियम सर्वांना सारखे असतात. उद्या काही पेट घेतला तर जबाबदारी माझ्यावर येते. आणि शेवटी थोडं लज्जेचंही आहे. उघड्यावर, असं..."

"पंचा होता कमरेला," सखुबाई म्हणाली.

"हो, हो. पण वरून तसं दिसत नाही ना." तो विकीकडे वळला. "हल्ली घरी येऊन रुग्णाला स्पंजबाथ देणारी माणसं मिळतात. मी तुम्हाला नंबर देऊ का?"

सखुबाईने विकीकडे पाहिलं. आता बोलेल, तिला वाटलं. म्हणेल की सर, तुम्ही जिथे गाडी लावता तिथे आमचा गोठा होता. म्हणेल की माझा बाप या जागेवर उघड्यावरच न्हात आला, तुम्ही नंतर आलात. काहीतरी म्हणेल. चार माणसांत आवाज चढवायला विकी कधी घाबरला नव्हता.

"सॉरी सर," विकी म्हणाला. "मी घरी नव्हतो. बायकांनी परस्पर केलं. परत नाही होणार."

"आणि ती गाडी..."

"गाडी पण हलवतो. शीळफाट्याला आपला मित्र आहे, त्याच्या गॅरेजमध्ये लावतो."

रत्नदीप चहा घेऊन गेला. दार लागलं आणि विकी बायकोवर उखडला.

"तुला अक्कल आहे का गं? तो व्हिडिओ बाहेर गेला म्हणजे? गाडीचा नंबर दिसतोय त्यात, नाव दिसतंय! कस्टमर बघणार नाहीत?"

"बघू देत," ऐश्वर्या म्हणाली. "बाबांना आंघोळ घातली, चोरी नाही केली."

"अगं, लोक त्याच शॉवरखाली आंघोळ करणार ना! त्याच पाटावर उभे राहणार! म्हाताऱ्याच्या अंगाला जखमा आहेत, सगळं त्या पाटावर वाहतं... किळस नाही येणार लोकांना?"

परशुरामाची खोली लागूनच होती आणि दार उघडं होतं. सखुबाई आत गेली. तो जागा होता. डोळे छताला लागले होते. तिने उगाचच त्याच्या पायावरची चादर नीट केली.

दुसऱ्या दिवशी विकीने शॉवरची तोटी बदलली. जुनी तोटी आणि लाकडी पाट कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवलेले सखुबाईने संध्याकाळी पाहिले. आठवड्याभरात रामाचीही दुसऱ्या साइटवर बदली झाली. ड्युटी सोडून खासगी कामं करतो, असं कमिटीने एजन्सीला कळवलं होतं. जाताना तो वर येऊन परशुरामाला भेटून गेला. विकी तेव्हा घरात होता, पण खोलीतून बाहेर आला नाही.

*

सखुबाईची मुलगी कृतिका आंबिवलीला दिलेली. तिला हे सगळं कळलं तेव्हा ती फोनवरून भावाला खूप बोलली. विकीने ऐकून घेतलं. रागावला नाही. उलट म्हणाला, "मी बाबांचा दुश्मन आहे का? तुम्ही बाबांना घेऊन शीळफाट्याला या. गाडी तिथे आहे, गॅरेज आहे, कोण विचारणारं नाही. मी स्वतः घालतो आंघोळ. बुधवारी या."

बुधवारी कृतिका भाड्याची इको व्हॅन घेऊन आली. परशुरामाला उशा लावून मागच्या सीटवर आडवा केला, डोकं सखुबाईच्या मांडीवर. ऐश्वर्या पुढे बसली. ऊन कडक होतं. मुंब्रा बायपासला कंटेनर आडवा झाला होता आणि गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. प्रत्येक धक्क्याला परशुराम कण्हायचा, आणि सखुबाई त्याच्या कानाशी वाकून सांगायची, "पानी हाय तिकडं. गरम पानी हाय. आलंच आता." तो ऐकत होता. पिशवीतल्या टॉवेलचं टोक त्याने चांगल्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं होतं.

गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या त्यांना दिसलं की तिथे माणसं आहेत. गाडी धुऊन लखलखीत केलेली. बाजूला खोटं हिरवं गवत अंथरलेलं, कुंड्या ठेवलेल्या, मोठे पांढरे पडदे धरून दोन पोरं उभी. एक मुलगी पोहण्याच्या कपड्यांत नव्या शॉवरखाली उभी होती आणि समोरचा माणूस कॅमेरा धरून म्हणत होता, "एक बार और, पानी फुल खोलो, भाप दिखनी चाहिए."

विकी धावत आला. "अरे, आलात? आई, जरा पाच मिनिटं. यांना सकाळी यायचं होतं, ट्रॅफिकमध्ये लेट झाले. जाहिरातीचं शूट आहे. झालंच. तुम्ही गाडीतच थांबा."

इकोला एसी नव्हता. कृतिकाने दारं उघडली आणि ती कपड्याने वारा घालायला लागली. परशुरामाने मान वळवली होती. दारातून समोरच दिसत होतं. पाणी धो धो पडत होतं, वाफ उसळत होती, मुलगी हसत केस मागे टाकत होती. पुन्हा, पुन्हा. मध्ये त्यांनी मुलीला बाजूला केलं आणि नुसतं पाणी चालू ठेवलं, नुसत्या धारेचा फोटो हवा होता म्हणून. पाणी खोट्या गवतावरून वाहत गॅरेजच्या मातीत जिरत होतं. परशुरामाचा हात उचलला गेला. घशातून आवाज निघाला, नेहमीचा घरघर नव्हे.

"आ... आ..."

"हां, हां," सखुबाई म्हणाली. "आपलाच नंबर आता."

शूट संपलं. ती माणसं सामान आवरायला लागली. विकी पंपापाशी वाकला, नळ सोडला. पंप खरखरला. त्याने टाकीत डोकावलं. मग गॅरेजच्या नळापाशी जाऊन तो फिरवून बघितला. नळ कोरडा.

तो इकोपाशी आला तेव्हा त्याला कोणाकडे बघवत नव्हतं.

"टाकी संपली, आई. इथे पाणी संध्याकाळी येतं. टँकरवाल्याला फोन लावतो, पण तो दोन तास तरी..."

"दोन तास यांना या उन्हात ठेवू?" कृतिका ओरडली. "तुला माहीत होतं ना आम्ही येतोय?"

"मला काय माहीत ते एवढं पाणी उडवतील! मी मुद्दाम केलं का? पुढच्या बुधवारी नक्की. प्रॉमिस."

ऐश्वर्या खाली उतरली. कॅमेरावाल्याच्या पोरांकडे पिण्याच्या पाण्याचा मोठा जार होता, त्यात तळाशी थोडं उरलं होतं. तिने ते मागून आणलं, टॉवेलचं टोक त्यात भिजवलं आणि सासऱ्याचं तोंड पुसलं. परशुरामाने तोंड फिरवलं. तिने पुन्हा पुसायला हात नेला तर त्याने चांगल्या हाताने तो ढकलून दिला. जोर नव्हता त्या ढकलण्यात, पण ढकललं.

परतीच्या वाटेवर तो कण्हला नाही. त्याला खोटं सांगायला सखुबाईपाशीही काही उरलं नव्हतं.

पुढचा बुधवार आला आणि गाडी दिवेआगरला होती. तोवर तसंही काही राहिलं नव्हतं. परशुरामाने अंग पुसून घ्यायचंच सोडलं. फडका दिसला की तो दात आवळायचा, हात झाडायचा. चट्टे पुन्हा उघडले, खोल गेले. ताप भरला. हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरांनी जखमा साफ केल्या, सलाइनं लावली. छातीत कफ झाला आणि एका पहाटे तो गेला.

*

प्रेत घरी आणायचं की नाही यावर फार चर्चा झाली नाही. गावची भावकी जमली होती, जुनी माणसं होती. त्यांनी सांगितलं, अंगणात न्हाऊ घालूनच उचलायचा. टॉवरला अंगण कुठलं? तर मागच्या भिंतीशी, जनरेटरच्या पलीकडे. म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी तीन विटा मांडल्या, लाकडं कुठे मिळतील ते विचारायला लागला. नवा वॉचमन म्हणाला, इथे जाळ करता येणार नाही.

"जाळ नको," विकी म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते. "मी गाडी आणतो."

गाडी आली. टाकी काठोकाठ भरलेली. रत्नदीप स्वतः खाली उभा राहून लोकांना गाड्या बाजूला घ्यायला लावत होता. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने सकाळीच लिहिलं होतं की मागचा भाग आज अंत्यविधीसाठी राखीव आहे, सर्वांनी सहकार्य करावं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं उभी होती, काहींनी डोक्यावर पदर घेतला होता. तंबू लावला नव्हता. उघड्यावर, फळीवर परशुराम झोपवलेला, कमरेला पंचा. कोणालाही लाज वाटली नाही.

विकीने गीझर पेटवला. धार हातावर घेतली, जरा गार वाटली, बटण फिरवलं, पुन्हा कोपर धरून बघितलं. इतक्या काळजीने बघत होता की भावकीतली एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "पोराची माया बघा."

त्याने आईकडे वळून विचारलं, "आई, एवढं गरम बास ना? बाबांना कढत लागायचं ना?"

सखुबाई ऐश्वर्याचा हात धरून उभी होती. तिने पाण्यात हात घातला नाही.

"त्यांना आता काय कळतंय," ती म्हणाली. "तुला बरं वाटेल तेवढं कर."

विकी फळीकडे वळला. मग वाकून बापाच्या खांद्यावर पाणी सोडायला लागला. रडत रडत त्याने त्याचं डोकं धुतलं, मान धुतली, पाठीखाली हात घालून पाठ धुतली. किळस केली नाही. भावकीने "बास झालं" म्हटलं तरी तो थांबेना. शेवटी चुलत्याने त्याच्या हातातून शॉवर काढून घेतला.

तेरावं झाल्यावर विकीने गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत "बाबांचा आशीर्वाद" लिहून घेतलं. गिऱ्हाइकांना ते आवडतं, बुकिंगं वाढली, असं तो लोकांना सांगतो. ऐश्वर्याने बुकिंगचे फोन घेणं बंद केलं आणि डोंबिवलीला एका दवाखान्यात नोकरी धरली. त्यावर दोघांचं भांडण झालं, पण ती सकाळी निघते.

दिवाळीनंतर विकी आईपाशी येऊन बसला. म्हणाला, "आई, या महिन्यात एक आठवडा मी बुकिंगच घेत नाही. तुला गणपतीपुळ्याला नेतो. कृतिकालाही घेऊ. समुद्राजवळ गाडी लावू, गरम पाणी, सगळी सोय आहे. तू आयुष्यभर कुठे गेली नाहीस."

त्याने मनापासून विचारलं होतं. हात तिच्या गुडघ्यावर ठेवला होता. सखुबाईने तो हात झिडकारला नाही. पोटचा पोर होता.

"नको रे," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखतात. गाडीत चढायला नाय जमणार."

"मी उचलून चढवीन."

"नको," ती पुन्हा म्हणाली, आणि उठून गॅसवर आपल्या आंघोळीचं पातेलं ठेवायला आत गेली.